ताटातलं डाळिंब

दामले बाईंच्या त्या झाडाला आमच्या घरी कुणी बोन्साय म्हणत नसे. बा त्याला 'ताटातलं झाड' म्हणायचा. मायनं ते कधी पाहिलंही नव्हतं, पण तीसुद्धा विड्या वळता वळता विचारायची, "कसं आहे जी बाईचं ताट?" नात्यातल्या एखाद्या नाजूक तब्येतीच्या माणसाची चौकशी करावी तसं. संध्याकाळी आमच्या घरात तेंदूपत्ता कापायच्या कात्रीचा आवाज चालू असायचा, चुलीवर आंबाडीची भाजी रटरटत असायची, आणि बा सायकल भिंतीला टेकवून पाय धुता धुता चारही बंगल्यांच्या बागांची हालहवाल सांगायचा. कुठं गुलाबाला कीड लागली, कुठल्या मालकिणीनं विनाकारण मेंदी कापायला लावली. ताटातल्या झाडाची गोष्ट तो शेवटी सांगे आणि आवाज थोडा खाली आणून सांगे.

दामले बाई धरमपेठेत एकट्या राहायच्या. मुलींच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या, निवृत्त झालेल्या. लग्न केलं नव्हतं. उंच, सुती पातळ, घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलेलं. माझ्या बाला त्या 'सुखदेव, तुम्ही' म्हणायच्या. चार बंगल्यांत असं म्हणणाऱ्या त्या एकट्याच होत्या, आणि आमच्या वस्तीत ह्या गोष्टीचं मोल किती होतं ते आज माझ्या नातवंडांना समजावून सांगता येत नाही. ते डाळिंबाचं झाड त्यांनी कलकत्त्याहून ओल्या फडक्यात गुंडाळलेली काडी म्हणून आणलं होतं, गाडीत मांडीवर घेऊन. सतरा वर्षांत ते जेमतेम हातभर झालं होतं. बुंधा माझ्या मनगटाएवढा, डावीकडं पीळ घेतलेला. इंचभर लाल फुलं यायची आणि लिंबाएवढी डाळिंबं. मातीच्या उथळ ताटात ते असं उभं असायचं, की लांबून पाहिलं तर खरोखर एखादं मोठं झाड दूरच्या शेतात उभं आहे असं वाटावं.

बाईंनी बाला शिकवलं होतं की अशा झाडासाठी जात दोन तऱ्हेची घेता येते. एक साधी आणि एक मुळातच बुटकी. बानं ते स्वतःच्या बोलीत बसवून घेतलं होतं. "साधं झाड लवकर जाड होते, कापलं तरी रुसत नाही," तो सांगायचा. "त्याचं पान खुडून खुडून बारीक करता येते. पण फूल नाही येत बारीक करता. फूल आपल्या मापानंच येते. बुटकं सारं मापात देते, पण बुंधा भरायले माणसाचं अर्ध आयुष्य खाते." त्यानं स्वतःही एक करून पाहिलं होतं. एका बंगल्याचं कुंपण काढताना साध्या डाळिंबाचं जुनं खोड निघालं, ते त्यानं घरी आणून डालड्याच्या फुटक्या डब्यात लावलं. चार-पाच वर्षं बाईंचं बघून तो त्याला तार बांधायचा, डावीकडं पीळ द्यायचा, फांद्या छाटायचा. माय हसायची. "खायले एक फळ नाही त्या झाडाचं," म्हणायची.

मी चौदा वर्षांची होते तेव्हाचा उन्हाळा. बाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. वाचायला भिंग लागायचं, माणूस आवाजावरून ओळखायच्या. वैशाखात त्या तीन आठवडे पुण्याला बहिणीकडं गेल्या आणि मागच्या फाटकाची किल्ली बाच्या हाती देऊन गेल्या. ती किल्ली बा गळ्यातल्या दोऱ्यात घालायचा. झाड त्यानं आंब्याखाली हलवलं, वर ओलं पोतं टांगलं, दिवसातून तीनदा पाणी. मग कुहीजवळच्या गावाहून निरोप आला की आजी विहिरीवर पडली. बा दोन दिवसांसाठी निघाला. निघताना किल्ली माझ्या हातात ठेवून म्हणाला, "सकाळचं चुकलं तं चालते एकवेळ. दुपारचं चुकवू नोको. ताटात माती किती असते? दोन मुठा."

पहिल्या दुपारी मी गेले. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं, डोक्यावर ओला दुपट्टा, ऊन लागू नये म्हणून मायनं खिशात घातलेला कांदा. पाणी घातलं, पोतं भिजवलं, परत आले. दुसऱ्या दुपारी माझ्या मैत्रिणीच्या घरी नवा कूलर आला होता. आमच्या वस्तीतला पहिलाच. अख्ख्या गल्लीच्या पोरी त्याच्यासमोर बसल्या होत्या, वाळ्याचा वास आणि थेंब थेंब पाण्याचा आवाज, आणि आम्ही कैरीच्या फोडी तिखट-मीठ लावून खात होतो. थोडं बसून जाऊ, असं म्हणत मी भिंतीला टेकले आणि झोपले. उठले तेव्हा उन्हं कलली होती. धावत गेले. पोतं वाऱ्यानं उडून कुंपणाला अडकलं होतं. झाडाला हात लावला तर पानं पापडासारखी कुरकुरली. मी ताट तुडुंब भरेपर्यंत पाणी ओतलं, पडलेली पानं वेचून परकरात बांधली आणि वाटेतल्या नालीत टाकली. घरी कुणाला काही सांगितलं नाही.

बा आला आणि तसाच बंगल्यावर गेला. परत येऊन त्यानं मला एकच विचारलं, "दुपारी गेली होतीस?" मी म्हटलं, "एक दिवस." त्यानं मारलं नाही, ओरडलाही नाही. आठ दिवस तो रोज अंगठ्याच्या नखानं त्या बुंध्याची साल खरवडून आत हिरवं दिसतं का बघत राहिला. डाळिंब चिवट असतं, कधीकधी खालून फुटतं. पण आत सगळं काडीसारखं पिवळं झालं होतं. नवव्या दिवशी तो कुठल्याशा रोपवाटिकेतून बुटक्या डाळिंबाचं एक रोप घेऊन आला आणि आमच्या अंगणात, डालड्याच्या डब्याशेजारी ठेवलं. दोन्हींच्या समोर उकिडवा बसला. एकाचं पान अगदी बाईंच्या झाडाचं होतं, पण खोड पेन्सिलीएवढं. दुसऱ्याचं खोड बरोबर, पीळसुद्धा डावीकडं, पण पान मोठं आणि फूल तर त्याहून मोठं.

"सांगून टाका न जी," माय म्हणाली. "झाडच आहे. बाई काही फाशी नाही देत."

"बाईचं पत्र आलं आहे," बा म्हणाला. "कमलले दर रविवारी शिकवीन म्हणते. इंग्रजी, गणित. मॅट्रिकनंतर मास्तरकीच्या कॉलेजासाठी शब्द टाकीन म्हणते. आता सांगू का, की तुमचं सतरा वर्षाचं झाड हिनं मारलं?"

 मायची कात्री थांबली.

"बाईले पान दिसत नाही आता," तो म्हणाला, आम्हाला नाही, त्या दोन झाडांना सांगितल्यासारखा. "पण रोज सांजेले बुंध्यावर बोट फिरवते." आणि त्यानं डालड्याचा डबा उचलला. "हिची मॅट्रिक होऊ द्या. मंग मीच सांगतो."

बाई पुण्याहून आल्या त्या संध्याकाळी मी बासोबत होते. ताटात आता डब्यातलं झाड होतं. त्यांनी ताटाजवळ खुर्ची ओढली, बुंध्यावरून बोट फिरवलं, पिळापाशी थांबल्या. "उन्हानं जरा राठ झालंय," त्या म्हणाल्या. "पण सांभाळलंत हो." बानं मान खाली घातली.

पुढचे दहा महिने आमच्या घरात कुणी ताटाची चौकशी केली नाही. मी दर रविवारी बाईंकडं जायचे. त्या डोळे मिटून शिकवायच्या. मी वाचायचं, त्यांनी चूक धरायची. तास संपला की कपबशीत चहा आणि दोन बिस्किटं, माझ्या हातात, त्यांच्याच सेटमधल्या कपात. रविवारी सकाळी त्याआधी आम्ही सगळे वस्तीतल्या बुद्धविहारात जायचो. दीक्षेनंतर बाच्या पिढीनं पंचशील किती अभिमानानं पाठ केलं होतं. बाचा आवाज सगळ्यांत खणखणीत असायचा. त्या वर्षी चौथ्या शीलाशी, खोटं न बोलण्याच्या, तो आवाज बसायचा. ओठ हलायचे. मी शेजारी उभी असायचे, म्हणून मला कळायचं. इतरांना कळलं असेल असं वाटत नाही.

पावसाळ्यात त्या झाडाला कळ्या आल्या. बानं पहाटे जाऊन सगळ्या खुडल्या. साध्या डाळिंबाचं फूल म्हणजे बाईंना हातानंही कळलं असतं. "यंदा फुललं नाही," बाई म्हणाल्या. "उन्हाचा ताण पडला, बाई," बा म्हणाला. हे त्याचं पहिलं बोललेलं खोटं. तोवर तो फक्त गप्प राहिला होता.

हिवाळ्यात बाईंच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. त्या काळी आठवडाभर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणं निजावं लागे. मग हिरवी पट्टी, आणि दीड महिन्यानं जाड भिंगाचा चष्मा. चष्मा आला त्या रविवारी मी वही उघडून बसले होते आणि बाई मला न्याहाळत होत्या. "तू उंच झालीस ग," म्हणाल्या, आणि उठून व्हरांड्यात ताटापाशी गेल्या. मी आतच बसून राहिले. खूप वेळ त्या आल्या नाहीत. आल्या तेव्हा चष्मा काढून पुसत होत्या.

"डॉक्टर म्हणाले होते, ह्या काचेतून सगळं मोठं दिसणार. सवय होईल म्हणे."

सवय होत गेली. पुढच्या रविवारी कपबशी कपबशीएवढी दिसायला लागली, वर्तमानपत्राची अक्षरं जागेवर आली, जिना उतरताना त्या कठडा धरेनाशा झाल्या. झाड तेवढं जुळेना. एक दिवस त्यांनी मला शेजारी बसवलं.

"कमल, खरं सांग. ह्या झाडाची पानं तुला कशी दिसतात? पूर्वीसारखीच?"

"हो बाई."

"बुंध्यावर इथं एक खाच होती. ती नाही दिसत मला."

"आहे, बाई," मी म्हणाले. "बारीक आहे."

आयुष्यात मी पुढं बरंच खोटं बोलले असेन, नोकरीत, नात्यात, सोयीपुरतं. पण त्या 'बारीक आहे' इतकं स्पष्ट, इतकं शांत खोटं नाही.

परीक्षेला तीन आठवडे राहिले असताना बाची कंबर धरली. कुंड्या उचलताना लचक भरली होती. तो भिंतीकडं तोंड करून निजायचा आणि माय विटा तापवून फडक्यात गुंडाळून शेकायची. त्याच दिवसांत झाडाला पुन्हा बहर धरत होता. बा निजल्या निजल्या म्हणाला, "पहाटे जाशील. पाणी घालशील. आणि..." मी म्हटलं, "माहीत आहे मले."

मी पाच दिवस कळ्या खुडल्या. लाल, मेणासारख्या, जाड देठाच्या. मुठीत घेऊन यायचे आणि नालीत टाकायचे. सहाव्या दिवशी बाई लवकर उठल्या होत्या आणि व्हरांड्यात टेबलाशी पत्र लिहीत होत्या. मला म्हणाल्या, "जाताना एवढं पेटीत टाकशील? डॉक्टरांना लिहितेय. दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन होळीनंतर ठरलंय, ते नको म्हणून कळवते."

"काहून, बाई?" शाळेत आणि बाईंकडं मी शुद्ध बोलायचे, पण तेव्हा तोंडातून तेच निघालं.

"उजव्याचं नीट झालं नाही. सतरा वर्षं रोज पाहिलेली गोष्ट मला परकी दिसते. ह्या डाव्या डोळ्यानं निदान थोडं धूसर का होईना, खरं दिसतं. तोही बिघडवून घ्यायचा नाही." त्या अगदी सहज बोलल्या. मग पाकीट चिकटवलं.

मी पाण्याची झारी घेऊन ताटापाशी गेले. एक कळी फांदीच्या मागच्या बाजूला, फुगून तडकायला आलेली होती. माझी बोटं तिच्या देठावर होती. बा घरी निजला होता. परीक्षेचा अर्ज भरला होता, पुढचं कॉलेज बाईंच्या एका शब्दावर होतं, बाच्या चार बंगल्यांपैकी दोन बाईंच्याच ओळखीचे होते. आणि समोर ते पाकीट. तोंडानं सांगायची हिंमत मला झाली नाही, हे मी इथं कबूल करते. मी फक्त बोटं काढून घेतली. बाकीच्या कळ्या खुडल्या, ती एक ठेवली. पत्र घेतलं आणि पेटीत टाकलं नाही. दप्तरात, भूगोलाच्या पुस्तकात ठेवलं.

त्यानंतरचे तीन दिवस मी काय वाचलं, काय खाल्लं, मला सांगता येणार नाही. गिरणीचा भोंगा झाला की दचकायचे. बा विचारायचा, "सारं ठीक?" आणि मी म्हणायचे, "हाव." मायनं वाढलेली भाकर मी अर्धीच ठेवून उठायचे. ती म्हणे, परीक्षेचं भेव घेतलं पोरीनं.

चौथ्या सकाळी फाटक उघडलं तेव्हा बाई ताटासमोर खुर्चीवर बसल्या होत्या. मांडीवर लाकडी पट्टी आणि एक जुनी वही. फूल पूर्ण उमललं होतं. त्या एवढ्याशा झाडावर ते माणसाच्या डोक्याला मोठा फेटा घालावा तसं दिसत होतं.

"ये," त्या म्हणाल्या. "ही पट्टी धर. मोज."

मी मोजलं. पुन्हा मोजलं. "दोन इंचाला थोडं वर."

त्यांनी वही उघडली. दर वर्षीच्या पहिल्या फुलाची नोंद होती त्यात. त्यांनी पान माझ्याकडं वळवलं. एक इंच, एक इंच, सव्वा इंच, एक इंच. मग वही मिटली आणि खुर्चीत मागं टेकल्या. मला वाटलं, आता रागावतील. त्यांचा चेहरा मात्र सैल पडला, खांदे खाली आले.

"म्हणजे माझा डोळा नीट आहे," त्या म्हणाल्या.

मी रडायला लागले. त्यांनी मला रडू दिलं, आणि थांबले तेव्हा म्हणाल्या, "आता सांग." मी कूलरपासून सगळं सांगितलं. पत्र काढून दिलं. त्यांनी ते न उघडता चार तुकडे केले आणि म्हणाल्या, "वडिलांना बोलाव. येता येत असेल तर."

बा आला. कमरेवर हात ठेवून, वाकत, पायी. सायकलवर बसता येत नव्हतं. व्हरांड्याच्या पायरीशी उभा राहिला. फूल बघितलं. मग माझ्याकडं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली.

"केव्हा गेलं?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही गावाले होत्या तेव्हाच. पोरीचं लहानपण. चूक माही आहे. पानी मी तिच्यावर सोपवायले नव्हतं पाहिजे."

"झाडं मरतात, सुखदेव. मी दोन दिवस जेवले नसते, तिसऱ्या दिवशी जेवले असते. कमलचं शिकवणं थांबवलं असतं असं वाटलं तुम्हाला?"

बानं कमरेवरचा हात काढून व्हरांड्याचा खांब धरला.

"तुम्ही मला दहा महिने आंधळी ठेवलंत," बाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. "ऑपरेशननंतर तर जास्तच."

"होय, बाई."

"किल्ली द्या."

निघताना माझ्याकडून घेऊन पुन्हा गळ्यात घातलेला दोरा बानं काढला. गाठ सुटेना, म्हणून तशीच दोऱ्यासकट किल्ली टेबलावर ठेवली. "उद्यापासून पुढच्या फाटकानं या," त्या म्हणाल्या. "मी उठल्यावर." म्हणजे काम सुटलं नव्हतं. आम्ही वळलो तेव्हा मागून आवाज आला, "आणि ह्या झाडाच्या कळ्या यापुढं खुडायच्या नाहीत. जे फूल येईल ते येऊ द्या. कमल, रविवारी निबंध घेऊन ये."

मी निबंध घेऊन गेले. त्यांनी शिकवलं, नेहमीसारखं, एकही चूक न सोडता. पण तास संपल्यावर चहा आला नाही. परीक्षेपर्यंतच्या दोन्ही रविवारी आला नाही. त्यांच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन ठरल्याप्रमाणे झालं, तेव्हा उशाशी बसायला मी रोज जायचे, आणि पट्टी निघाल्यानंतर एका दुपारी त्यांनी स्वतः दोन कप भरले. किल्ली मात्र बाला परत मिळाली नाही, शेवटपर्यंत. पुढं बारा वर्षं त्यानं त्या बागेत काम केलं आणि रोज पुढच्या फाटकाशी उभं राहून घंटी वाजवली. साधं डाळिंब ताटातच राहिलं. बाईंच्या ओळखीच्या बायका म्हणायच्या, फुलं फार मोठी दिसतात, बुटकी जात घ्या. बाई म्हणायच्या, "सुखदेवनं घडवलंय ते. असू दे." बुटक्याचं ते पेन्सिलीएवढं रोप बानं आमच्या अंगणात वाढवलं. त्याचा बुंधा भरायच्या आत आमची वस्ती रस्त्यासाठी हलली, आणि त्या धांदलीत ते कुठं गेलं कुणास ठाऊक.

कळी कुणी ठेवली, ते बानं मला विचारलं नाही. तीन महिने आमच्यात त्यावर अवाक्षर झालं नाही. जेवताना मी ताट उचलायला उठले की तो बोलायचा थांबे, इतकंच. निकालाच्या दिवशी सीताबर्डीला वर्तमानपत्रात नंबर बघायला तो मला सायकलवर घेऊन गेला. नंबर होता, दुसऱ्या वर्गात. गर्दीतून बाहेर येऊन त्यानं ठेल्यावर उसाचा रस घेतला, एक पेला माझ्या हातात दिला, स्वतः घेतला नाही. सायकलचं हँडल धरून रस्त्याकडं बघत उभा राहिला.

"त्या कळ्या खुडत होतो न मी," तो म्हणाला, "तवा दर बारीले वाटे, एखादी नजरेतून सुटून जावी. सुटतच नव्हती."